पिवळीच्या पोटातली काजळी

१ सप्टेंबर, रविवार

आज फादर्स डे, इकडे तो सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतो. चर्चमध्ये सगळ्या बापांना पुढं बोलावून गळ्यात चॉकलेटांच्या माळा घातल्या. आमचे बाबा डीकन, म्हणजे चर्चमधले मानाचे सेवक, म्हणून त्यांच्या गळ्यात जरा जास्तच. घरी पोचेपर्यंत नातेवाइकांच्या पोरांनी माळा सोलून काढल्या, बाबांच्या गळ्यात नुसत्या रिबिनी लोंबत होत्या.

पण वही उघडली ती वेगळ्या कारणानं.

आम्हा सामोअन लोकांकडे गॅरेज गाडीसाठी नसतं. रोजची प्रार्थना, काका-आत्यांच्या बैठका, वाढदिवस, मयताचं जेवण, सगळं गॅरेजमध्ये. त्यामुळं आमची जुनी गाडी, पिवळी, कायम आत-बाहेर. माणसं यायच्या आधी बाबा ती चालू करून समोरच्या गवतावर लावतात, बंद करतात. माणसं गेली की पुन्हा चालू, पुन्हा आत, पुन्हा बंद. गेल्या काही आठवड्यांपासून ती चालूच होत नाही. म्हणून आज चर्चच्या पोरांनी ती ढकलत बाहेर काढली. पोरं खिदळत होती. आई दारात उभी होती ती वळून घरात गेली, सापासुईच्या शेवयांच्या पातेल्याखालचा गॅस उगाच कमीजास्त करत बसली.

जेवताना तिनं जाहीर करून टाकलं. माझ्या बहिणीच्या, पेनिनाच्या लग्नाची बोलणी, शिवणकाम, नाच बसवणं, सगळं या महिन्यापासून गॅरेजमध्ये सुरू होणार. हॅमिल्टनचा कॅमरन म्हणून एक जण आहे, तो एकवीस तारखेला ट्रेलर घेऊन येतोय. त्याला पिवळीचा नुसता सांगाडा हवाय. आत तो दुसरं इंजिन घालणार.

बाबांचा हात ताटातच राहिला. मीच बोलले, आणि का बोलले मला माहीत नाही. मी म्हटलं, "तोवर चालू झाली तर?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

"कोण करणार?"

"मी."

पेनिना हसली. तिचंही बरोबर आहे. दोन महिन्यांपूर्वी मी वेलिंग्टनहून सुट्टीला आले ती परत गेलेच नाही. भूगर्भशास्त्राचं शेवटचं वर्ष तिकडे तसंच पडलंय, मी इकडे माझ्या जुन्या खाटेवर पडलेय. सकाळी विमानतळावर जेवणाचे ट्रे भरते, दुपारी झोपते. बॉनेट कुठून उघडतात हेही मला आज शोधावं लागलं.

आई म्हणाली, "चालली तर बघू."

३ सप्टेंबर, मंगळवार

रेवी काकांना बोलावलं. आमच्या रस्त्यावरचे माओरी काका, अंगणात पिवळीसारख्याच दोन रोटरी गाड्या, त्यातली एक चालते. कुठली ते दिवसावर असतं. त्यांना बोलायला विषय लागत नाही, पण रोटरी म्हटलं की खुर्ची घेऊन बसतात.

मला समजलं ते असं. यात इतर गाड्यांसारखे वर-खाली जाणारे पिस्टन नाहीत. दोन जाडजूड त्रिकोण आहेत, त्यांना रोटर म्हणतात, एक पुढं, एक मागं, आपापल्या घरात गरागरा फिरतात. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक लोखंडी पट्टी, तिला सील म्हणतात. सीलच्या पाठीमागं स्प्रिंग. स्प्रिंग तिला बाहेर ढकलते, ती भिंतीला घासत राहते, म्हणून आतली हवा दाबली जाते, म्हणून इंजिन चालतं. सील आपल्या खाचेत अडकली की खेळ खलास.

"आणि कशानं अडकते?"

"काजळीनं. पेट्रोल अर्धवट जळलं की कीट धरतं, पोरी. पण तुमची गाडी तुम्ही चालवता कशी ते सांग."

मी सांगितलं. रविवारी चर्चला, दोन वळणांवर. कधीच पन्नासच्या वर नाही. बाबा बस चालवतात आणि पिवळीही बससारखीच चालवतात. आणि रोज संध्याकाळी गवतावर, प्रार्थना झाली की आत.

रेवी काका आधी हसले, मग खोकले, मग खुर्चीचा हात धरून पुन्हा हसले. म्हणाले, हे इंजिन मारायचं असेल तर याहून चांगली रीत नाही. याला थंड असताना चालू करून लगेच बंद केलं की कच्चं पेट्रोल आत तसंच साचतं. आणि हळू चालवलं की काजळी जळतच नाही. रोटरीला मार हवा असतो. रोज एकदा तरी इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यानं लाल रेघ गाठली पाहिजे.

"तुम्ही हिला वीस वर्षं जपून जपून गुदमरवलंय," ते म्हणाले.

मागं बघते तर फाटकात बाबा. गणवेश, हातात डबा. कधीपासून उभे होते कोण जाणे. रेवी काकांना नमस्कार करून ते आत गेले.

आजची प्रार्थना फार लांबली. बाबांनी क्षमेचा भाग दोनदा म्हटला. रेवी काकांनी प्रार्थनेची थट्टा केली ते त्यांना लागलेलं दिसतंय.

४ सप्टेंबर, बुधवार

प्लग काढले, चार. कोळशात भाजल्यासारखे काळे आणि पेट्रोलनं ओले. एका बोटाचं सालटं गेलं.

पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला, घड्याळाच्या काट्यासारखंच फिरव, उलटं नको. मी व्हिडिओ लावून बघितला. खरंच तसं आहे. बहुतेक माझ्या फोनचा आवाज तिच्यापर्यंत जात असणार. यापुढं हळू ठेवते, तिला आधीच या गाडीचा वैताग आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

एकेका रोटरचा एक प्लग काढून ठेवायचा, सेल्फ मारायचा, आणि भोकातून हवा कशी येते ते ऐकायचं. त्रिकोणाच्या तीन बाजू, म्हणून तीन फुसकारे, सारखे.

पुढचा रोटर: फस् फस् फस्. फस् फस् फस्. जरा अशक्त, पण एका चालीत.

मागचा: फस्, मग काही नाही, काही नाही. फस्, काही नाही, काही नाही.

लंगडा. मी पुन्हापुन्हा ऐकलं, फोनवर टेप केलं, तरी तेच. एक सील गेली की तिच्या दोन्ही बाजूंची हवा जाते, म्हणून तीनातला एकच उरतो. रेवी काकांनी टोपी काढली. म्हणाले, तुटली आतमध्ये. इंजिन खोलून नवं भरावं लागेल, ते एकवीस तारखेच्या आत होत नाही. "देऊन टाका त्या हॅमिल्टनवाल्याला."

आई दोरीवरचे कपडे काढत होती. टोपली कमरेवर घेऊन ती आमच्या मागं येऊन थांबली. मला वाटलं संपलं, आता म्हणेल जागा मोकळी कर. ती म्हणाली, "पुन्हा मार."

मी सेल्फ मारला. फस्, काही नाही, काही नाही.

"तुटली असती तर खरखरली असती," एवढं बोलून ती टोपली घेऊन आत गेली.

रेवी काका बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. मग मला विचारलं, तुझी आई हल्ली गाडी चालवते का. मी म्हटलं, हल्ली म्हणजे? मी तिला कधी स्टिअरिंगला हात लावताना बघितलेलं नाही. ती मागच्या सीटवर बसते, मांडीवर पानी पोपोच्या गोड पावांचा ट्रे घेऊन, नारळाचं दूध सांडू नये म्हणून. रेवी काकांना परत खोकला आला. या माणसानं डॉक्टरला दाखवायला हवं.

७ सप्टेंबर, शनिवार

सायलेन्सरचा पाइप जिथं इंजिनाला चिकटतो तिथून सोडवला. नट गंजलेले, सकाळ त्यातच गेली. पण त्या भोकातून टॉर्च मारला की रोटर दिसतो, आणि पुली हळूहळू फिरवली की एकेक सील भोकासमोरून जाते. ती दाबून बघायची. लोखंडानं दाबली तर ओरखडा पडेल, म्हणून खराट्यातली हीर काढली. आत्यानं सामोआहून पाठवलेला खराटा, त्याच्या हिरा चांगल्या चिवट आहेत.

बाबांची आज सुट्टी. पुली ते फिरवत होते, हीर माझ्याकडे.

पहिली सील दाबली, परत वर आली. दुसरी दाबली, परत वर आली. तिसरी खाचेत आत बसलेली, वर काळा लेप. दाबून हलेना, बाजूनं टोकरून हलेना. पण अख्खी आहे! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी. तुटलेली नाही, अडकलीय.

मी बाबांना मिठी मारली, त्यांचा पांढरा शर्ट काळा झाला.

मग धीर करून विचारलं. लहानपणापासून ऐकत आलेय की पिवळी एके काळी मेरेमेरेच्या पट्टीवर शर्यतीत धावायची आणि भल्याभल्यांना मागं टाकायची. पण फाटकातून निघतानाही इंडिकेटर देणारे बाबा आणि शर्यत, माझ्या डोक्यात हे बसायचंच नाही.

बाबा म्हणाले, "मी नुसता घड्याळ धरून उभा असायचो."

"मग चालवायचं कोण?"

त्यांनी टॉर्च दुसऱ्या बाजूला धरला आणि म्हणाले, इकडचा नट राहिलाय बघ. डीकन झाल्यावर माणसाला जुनी मर्दुमकी सांगायची लाज वाटत असावी. मी जास्त खोदलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

रेवी काकांनी चूक लगेच मान्य केली, म्हणजे म्हणाले की मी तेच म्हणत होतो. उपाय: गिअरबॉक्सचं लाल पातळ तेल प्लगच्या भोकांतून आत ओतायचं आणि भिजत ठेवायचं. मध्ये मध्ये इंजिन हातानं थोडं फिरवायचं, म्हणजे तिन्ही बाजूंना तेल पोचतं. काजळी मऊ पडते. पडली तर.

कामावरून आल्या आल्या बाबांनी गणवेश न बदलता पाना घेतला. जेवायच्या आधी, प्रार्थनेच्या आधी. मी म्हटलं, राहू द्या, मी करते, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

११ सप्टेंबर, बुधवार

एक गंमत. सकाळी कामावर निघाले तर स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी बशीत चारही प्लग. घासून, पुसून, टोकांमधलं अंतर नीट करून. मी ते गॅरेजमध्ये काळेच सोडले होते. बाबा म्हणाले मी नाही. मग रेवी काका असणार. पण ते आमच्या स्वयंपाकघरात कधी आले?

१२ सप्टेंबर, गुरुवार

हलत नाही. रोज भिजवतोय, रोज फिरवतोय, सील जागची हलत नाही. आज मी हीर जोरात रेटली आणि ती आत तुटली. टोक भोकात पडलं. तासभर पेनिनाच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं शोधत होते. मिळालं शेवटी, पण पेनिनाला चिमट्याचा रंग कळला आणि पुढचा तास त्यात गेला.

गवतावर बसून राहिले. वाटलं, येऊ दे ट्रेलर. जास्तीत जास्त काय, एक जुनी गाडी जाईल. वेलिंग्टनचं सुटलं तसं हेही सुटेल. एकदा सोडायला लागलं की सोपं होत जातं.

आई बाहेर आली. हातात तिचं जुनं लोखंडी पॅन. माझ्याजवळ ठेवलं.

"थंड लोखंडाशी काय हट्ट करतेस? तेल कोमट करून ओत. आणि इंजिनाच्या अंगावर घोंगडी टाक."

"तुला कोणी सांगितलं?"

"फ्राइंग पॅनला करपलेलं काढायला थंड पाणी वापरतात का?" ती म्हणाली, आणि गेली.

बरोबर आहे. तेवढं डोकं मलाच चालवायला हवं होतं. पण तेल घरात गरम करायचं नाही, बाहेर अंगणातल्या शेगडीवर करायचं, आणि पॅन परत स्वयंपाकघरात आणायचं नाही, असं तिनं खिडकीतून बजावलं.

१५ सप्टेंबर, रविवार

टुक्.

चर्चमधून आले, पांढऱ्या कपड्यांतच वाकून हीर लावली. तीन दिवस कोमट तेल, घोंगडी, बाबांचा पाना. दाबलं. काही नाही. किंचित कडेनं दाबलं, आणि ती आत गेली आणि टुक् करून परत वर आली.

पुन्हा दाबली. टुक्.

मी एवढी ओरडले की शेजारची टोंगन आजी कुंपणावरून बघायला आली. बाबांना सांगितलं, त्यांनी स्वतः दाबून बघितली. मग हात पुसून ते आत गेले, आईकडे. खिडकीतून दिसत होते दोघं. बाबा काहीतरी सांगत होते, आई सिंकमध्ये भांडी घासत होती, त्याच त्या पातेलीवर घासणी फिरतच होती.

१८ सप्टेंबर, बुधवार

पाइप परत लावला, इंजिन ऑइल बदललं, प्लग बसवले. अर्धा रस्ता आमच्या अंगणात. सेल्फ मारला, गाडी खाकरली, थांबली. पुन्हा. पुन्हा. रेवी काका म्हणाले, पेडल पूर्ण दाब. दाबलं.

लागली.

आणि आतलं सगळं लाल तेल जळायला लागलं. एवढा पांढरा धूर मी जन्मात बघितला नाही. आधी घर गेलं, मग कुंपण, मग समोरच्या घरांची छपरं. धुरातून नुसते आवाज येत होते. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. लाल गाडी आली, एक उंच बाई हेल्मेट घालून उतरली आणि विचारलं, काय जळतंय.

"वीस वर्षांच्या प्रार्थना," रेवी काका म्हणाले.

बाबासुद्धा हसले. खूप दिवसांनी.

धूर ओसरल्यावर इंजिन गरम होऊ दिलं. मग रेस धरून ठेवली आणि कार्बोरेटरच्या बारीक नळीतून थेंब थेंब पाणी सोडलं. आत त्याची वाफ होते, वाफ काजळी खरवडते. सायलेन्सरमधून काळे कण उडत होते, मिरपूड उधळल्यासारखे. पेनिनाचे वाळत घातलेले टॉवेल पुन्हा धुवावे लागले. मी धुतले.

पण हळू केलं की अजून अडखळते. मागचा रोटर मधूनच एखादा ठोका खातो. रेवी काकांचं म्हणणं, आता औषधानं होतं तेवढं झालं, उरलेलं फक्त पळवून निघेल. चांगली गरम करून लाल रेघेपर्यंत, पाच-सहा वेळा. त्यांचा परवाना सध्या जप्त आहे. का ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बाबांनी पळवली. म्हणजे त्यांच्या मते. गालिचावर कप ठेवावा तसा गिअर टाकला. काटा तीनाच्या, म्हणजे तीन हजार फेऱ्यांच्या, जवळ गेला की पाय आपोआप वर. मी म्हटलं, बाबा, अजून. ते म्हणाले, मला कळतंय गं, पायाला कळत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. परत येताना दोन बसथांब्यांशी गाडी हळू झाली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मी प्रयत्न केला. विमानतळामागचा सरळ रस्ता, मोकळा. साडेचारच्या पुढं काटा गेला की इंजिन असं काही किंचाळतं, वाटतं आत्ता फुटेल, एवढं जोडलेलं सगळं आत्ता तुटेल. पाय निघाला. पुन्हा केलं, पुन्हा निघाला.

घरी आणून बंद केली. नंतर चालू करायला गेले तर खाकरून गप्प. प्लग ओले. पुन्हा पुसले, पुन्हा बसवले, लागली, पण लंगडत.

उद्या अकरा वाजता कॅमरन येतोय. आईला म्हटलं, त्याला एक आठवडा थांबायला सांगशील? ती म्हणाली, शब्द दिलाय. मग म्हणाली, "अडखळते ती कितीवर? गरम असताना की थंड?" मी सांगितलं. तिनं मान हलवली. तिच्या डोक्यात बहुतेक कॅमरनला काय सांगायचं ते चाललं असावं.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी नाश्ता करत होतो. आई खोलीतून बाहेर आली ती बुटांत. पेनिनाचे धावायचे बूट. केस घट्ट बांधलेले, कानातले काढलेले. टेबलाशी येऊन तिनं बाबांपुढं हात केला.

"एलिसाया, किल्ली."

बाबांनी खिशातून जुडगा काढला. बसचं कपाट, घर, चर्चचं कुलूप, यातून पिवळीची किल्ली सोडवायला त्यांना वेळ लागला. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, पण बोटं उचलली नाहीत.

"तुझी म्हणून इतकी वर्षं जपली, इआ," बाबा आईचं नाव घेऊन म्हणाले.

"खूपच जपलीस," आई म्हणाली.

ती चिडून म्हणाली नाही. बाबांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली.

तोवर मला काहीच कळलं नव्हतं. मी त्या दोघांकडे बघत हातात पाव धरून बसले होते, आणि एकदम सगळं जागेवर आलं. खिडकी, पॅन, बशीतले प्लग. बाबांचं घड्याळ. मी इतके दिवस बाबांची समजून आईची गाडी वाचवत होते!

मी पुढं बसले, बाबा मागं. ते या गाडीत मागं बसलेले मी पहिल्यांदा बघितले, गुडघे कानाशी. आईनं सीट पुढं ओढली. लगेच निघाली नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत बसून राहिली, इंजिन ऐकत, तोंडानं काहीतरी मोजत. अडखळलं की पायानं हलकेच उचलत होती, पोराच्या पाठीवर थोपटतात तसं. मी विचारलं, मग चालवणं सोडलंस कशाला. ती म्हणाली, बाबा डीकन झाले, आणि डीकनच्या बायकोची गाडी चर्चच्या दारात असा आवाज करत आली की प्रवचन थांबायचं. कुणी काही बोललं नाही. तिनंच किल्ली दिली. "मला वाटलं, तो तरी चालवेल," ती म्हणाली. मागून बाबा म्हणाले, मला वाटलं, हिला परत मागावीशी वाटेपर्यंत ओरखडा पडता कामा नये.

हमरस्त्यावर चढायचा उतार आला. आईनं आरसे बघितले, मागं कोणी नाही. "दुसराच गिअर," ती मला म्हणाली, "म्हणजे वेग शंभरच्या आत राहतो आणि काटा पूर्ण जातो. बघून ठेव."

आणि पाय ठेवला.

चार. साडेचार. माझा पाय माझ्या बाजूच्या पत्र्यात ब्रेक शोधत होता. पाच. इंजिन काल माझ्याकडे किंचाळलं तसंच किंचाळलं, पण आईचा पाय तिथंच. साडेपाच, आणि मागं काहीतरी सुटलं. आरशात काळा ढग, दाट, शेगडीवरून झाकण उचलल्यासारखा. मला वाटलं गेली. आई म्हणाली, "जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे," आणि ते आम्हाला नव्हतं. सहा. आवाज बदलला. किंचाळणं थांबलं. शिवणयंत्र भरधाव चालतं तसा एकसंध, गोड, आणि गाडीनं आम्हाला पाठीमागून उचललं. सातला कुठूनतरी पिंपिं वाजायला लागलं.

"हे काय वाजतंय?" बाबा.

"लाल रेघ लागली की वाजतं," आई म्हणाली. "तू कधी ऐकलंच नसशील."

उतरलो, वळलो, पुन्हा चढलो. दुसऱ्या खेपेला ढग करडा. नंतर नुसती सावली. शेवटी मागं काहीच नाही, स्वच्छ रस्ता. बाबा मोठ्यानं हसत होते आणि दोन्ही हातांनी छताचं हँडल धरून बसले होते.

घरी आलो तर गवतावर ट्रेलर आणि कॅमरन. केसांचा शेंडा पिवळा, माझ्याच वयाचा. आईनं गाडी उभी केली, लगेच बंद केली नाही, थांबून ऐकली. मागचा रोटर, पुढचा रोटर, एकही ठोका चुकत नव्हता. कॅमरन सांगाडा न्यायला आला होता, तो वाकून सायलेन्सर ऐकायला लागला. त्यानं बाबांना विचारलं, काका, इंजिन कुणी बांधलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी आईकडे.

आईनं त्याला सांगितलं की शब्द मोडतेय, माफ कर. तो म्हणाला, असली गाडी विकायची नसते, मावशी. मग तो जेवून गेला. रिकामा ट्रेलर घेऊन, आणि फॉइलमध्ये बांधलेला तारोचा कंद घेऊन.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चला आज सगळे चालत गेलो. दोन वळणं तर आहेत. आई म्हणते, एवढ्याशा अंतरासाठी थंड इंजिन जागं करायचं नाही, पुन्हा तेच होईल.

संध्याकाळी लग्नाच्या बोलणीसाठी काका-आत्या जमले आणि सवयीनं गॅरेजकडे निघाले. बाबा दारात उभे. म्हणाले, आजपासून बैठक गवतावर. गाडी आत, आपण बाहेर. मोठ्या काकांनी थंडीची तक्रार केली. बाबांनी त्यांना घोंगडी दिली, इंजिनावर टाकलेली, तेलाच्या वासासकट. ताडपत्री बांधायला पोरं होतीच.

२५ सप्टेंबर, बुधवार

आईनं बॉनेट उघडून बघितलं आणि नाक मुरडलं. म्हणाली, उताराच्या दोन-चार खेपांनी वरवरचं निघालं, खोलातलं अजून आहे. लांबचा रस्ता हवा. दिवसभराचा, चढांचा. मी विचारलं, कुठला. ती म्हणाली, वेलिंग्टनचा बरा पडेल. मध्ये वाळवंटाचा पट्टा आहे, डोंगर आहेत, मोकळा रस्ता आहे.

मी लगेच सांगितलं की परत जायचं मी काही ठरवलेलं नाही.

"तुला कोण विचारतंय? मी इंजिनासाठी चाललेय. एकटीला झोप येते, शेजारी कुणीतरी बोलायला लागतं." मग जाता जाता म्हणाली, "गाडीत थोडं वजन असलेलं चांगलं. चढावर इंजिनाला भार मिळाला की काजळी सुटते. तुझी पुस्तकं जड आहेत, ती टाक मागं."

मी व्हिडिओंत शोधलं. भाराचं ती सांगते ते खरं आहे.

शुक्रवारी निघतोय, उजाडताना. कामावर सुट्टी टाकली. दोन खोकी मागच्या सीटवर ठेवून बघितली, पण गाडी हवी तेवढी दबली नाही, म्हणून वह्याही टाकल्या, आणि दगडांच्या नमुन्यांची पेटी, आणि डोंगरात घालायचे बूट. बाबांनी येऊन टायरची हवा बघितली आणि म्हणाले, हं, आता चढावर चांगलं काम होईल.